हौदाखालचा हौद

दोन वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांतील एका रात्रीं पालीस वीज गेली, ती पहाटेपर्यंत आली नाहीं. कोंकणांतील पावसाळ्यांत ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिची कोणी दखलहि घेत नाहीं. परंतु सकाळीं मीं ओटीवर पाऊल टाकलें तें खाऱ्या पाण्यांत.

ओटीच्या कोपऱ्यांत माझा समुद्रजीवांचा कांचेचा लहानसा हौद असे. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, आंत सुमारें ६५ लिटर पाणी, चार मासे आणि दोन कोळंब्या. खालीं प्लास्टिकचा एक टब. वरचें पाणी टबांत उतरे, तेथें गाळलें जाई आणि लहानशा पंपानें पुन्हां वर चढे. त्या रात्रीं पाणी नुसतें उतरत राहिलें. टब भरला आणि वाहूं लागला. पहाटे वीज आली तेव्हां चार माशांपैकीं दोन तळाशीं आडवे झाले होते.

आमच्या शाळेंतील कांहीं मुलें दर रविवारीं हा हौद पाहावयास येत. त्यांतील एकीनें सरळ विचारलें, "मासे कां मेले?" 'वीज गेली म्हणून' हें उत्तर तिला पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पटलें नाहीं. वीज जाणार हें मला ठाऊकच होतें. मग चूक कोठें झाली याचा हिशेब मीं कागदावर मांडला, आणि त्यांतूनच नव्या, मोठ्या हौदाची आंखणी निघाली. तो हिशेब वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

वक्रनलिकेचा धडा आपण सर्वांनीं वाचलेला आहे. पाण्यानें भरलेल्या नळीचें एक तोंड वरच्या भांड्यांत बुडालेलें असेल आणि दुसरें खालच्या भांड्यांत, तर वरचें तोंड उघडें पडेपर्यंत पाणी आपोआप खालीं येत राहतें. पंप चालूं असतांना जी नळी पाणी वर नेते, तीच पंप थांबतांक्षणीं वक्रनलिका होऊन पाणी उलट खालीं आणते. माझ्या नळीचें तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखालीं ८ सेंटिमीटर होतें. म्हणजे ६० गुणिले ३० गुणिले ८, एकूण १४,४०० घनसेंटिमीटर, अर्थात् १४.४ लिटर पाणी खालीं येणार हें हौद बसविला त्याच दिवशीं ठरलें होतें. टब १५ लिटरांचा. त्यांत नेहमीं ९ लिटर पाणी असे. राहिली ६ लिटरांची जागा. उरलेलें ८.४ लिटर पाणी ओटीवर आलें, यांत नवल तें काय? वीज आल्यावर पंपानें वरचा हौद पूर्ववत् भरण्यासाठीं १४.४ लिटर पाणी उचललें; टबाच्या तळाशीं अर्ध्या लिटराहून थोडें अधिक उरलें, आणि पंप पाण्याऐवजीं हवा ओढीत घरघरत राहिला. तिसरीच्या मुलाला करतां येईल एवढें हें गणित. तें मीं केलें नव्हतें, इतकेंच.

माशांचा प्राण मात्र पाणी सांडल्यानें गेला नाहीं. तो प्राणवायूच्या अभावीं गेला. २८ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ७.८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. त्याच उष्णतेच्या समुद्राच्या पाण्यांत सुमारें ६.४. पाणी ढवळत असलें तर खर्च झालेला प्राणवायु हवेंतून भरून निघतो. पाणी स्तब्ध झालें कीं ही भरपाई फार मंद होते. रात्रीं शेवाळहि प्राणवायु देत नाहीं, उलट घेतें. लहान हौदांतील शिल्लक अशी कांहीं तासांत संपते.

मोठा हौद सांभाळणें कठीण असा समज सर्वत्र आढळतो. खर्चाच्या दृष्टीनें तो खरा आहे, पाण्याच्या दृष्टीनें अगदीं उलटा. एखादी गोगलगाय कपारींत मरून कुजली तर तिच्यापासून निघणारा अमोनिया तेवढाच. परंतु तो ६५ लिटरांत मिसळणें निराळें आणि सवाचारशें लिटरांत मिसळणें निराळें. उन्हाळ्यांत दुपारीं पाणी तापण्याचेंहि तसेंच. मोठ्या पाण्यांत बदल होतात, परंतु ते सावकाश होतात, आणि पाळणाऱ्याला चूक सुधारावयास अवधि मिळतो. मात्र हौद सहापट झाला म्हणून मासेहि सहापट घातले तर हा सारा लाभ पहिल्याच दिवशीं गमावला असें समजावें.

आतां खालच्या हौदाविषयीं. त्याला व्यवहारांत 'सम्प' म्हणतात. पण मराठींत त्या उच्चारानें कामगारांचा संप आठवतो, म्हणून मीं त्यास तळहौद म्हणतों. दर्शनी हौदाचें पाणी त्यांत उतरतें, तेथें शुद्ध होतें आणि पुन्हां वर जातें. ही युक्ति अर्वाचीन नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें, आणि पुढें विल्यम आल्फर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थानें हांबुर्ग येथील मत्स्यालय (१८६४) आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय (१८७१) यांची रचना केली. पाहुण्यांस दिसणाऱ्या हौदांच्या कित्येक पट पाणी त्यानें खालच्या काळोख्या टाक्यांत ठेविलें आणि पंपांनीं तें सारखें फिरतें राखलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. आमच्यापैकीं पुष्कळांनीं समुद्रांतील रंगीत मासे जिवंत असे प्रथम तेथेंच पाहिले. परंतु आपण सर्व कांचेच्या पुढच्या बाजूस उभे असतों. मागें आणि खालीं काय चाललें आहे हें विचारणारा विरळा.

हौदांत काय ठेवावें, याविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. परदेशांतील छायाचित्रांत दिसणारे जिवंत प्रवाळांचे हौद पाहून मलाहि मोह झाला होता. आपल्या देशांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक बांधणारीं सर्व प्रवाळें आणि समुद्रपंखे घालण्यांत आले. वाघाला जें संरक्षण तेंच त्यांना. तेव्हां मालवणच्या किंवा इतर कोणत्याहि किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा आणणें हा गुन्हा होय, मग तो तुकडा जिवंत असो वा मेलेला. आपल्याच महाराष्ट्राच्या समुद्रांत विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर 'अँग्रिया बँक' नांवाचा पाण्याखालीं बुडालेला प्रवाळांचा विस्तीर्ण उंचवटा आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून समुद्रावर सत्ता गाजविणाऱ्या कान्होजी आंग्र्यांचें नांव त्यास मिळालें आहे. तो आहे तेथें राहूं द्यावा. माझ्या हौदांतील 'प्रवाळखडक' भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र तुकड्यांचा रचलेला आहे. सह्याद्रीचा काळा पत्थर पाण्यांत निरुपद्रवी खरा, परंतु घट्ट. अमोनिया पचविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस राहावयास त्यांत छिद्रें नाहींत. जांभ्यास छिद्रें भरपूर, पण तो झिजणारा आणि लोहयुक्त, म्हणून टाळला. मासे म्हणाल तर विदूषक मासे बंदिस्त पाण्यांत वाढविण्याचें तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें आपल्या देशांत बसविलेलें आहे. अशा पैदाशींतलेच मासे मागून घ्यावे.

नवा हौद १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ५५ उंच. (कांचेची जाडी सोयीसाठीं हिशेबांत धरलेली नाहीं.) मागच्या कोपऱ्यांत कांचेचा एक उभा कप्पा असून त्याच्या कडेस दांते पाडले आहेत. आपल्या गांवोगांवच्या तळ्यांस सांडवा असतो, तोच हा सांडवा. तो तळापासून ४८ सेंटिमीटरांवर आहे. पंप चालूं असतां पाणी सांडव्यावर २ सेंटिमीटर चढून वाहतें, म्हणजे पातळी ५० सेंटिमीटर आणि पाणी ३६० लिटर. खालचा तळहौद ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच. त्यांत चालू स्थितींत पाणी जास्तींत जास्त २५ सेंटिमीटर. वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे ५४ लिटर. ही मोकळी जागा हाच या सगळ्या रचनेचा गाभा आहे. पुष्कळ लोक तळहौद किती पाणी धरील हें विचारतात. तो किती रिकामा राहील हें आधीं विचारावयास हवें.

कारण वीज गेली कीं किती पाणी खालीं येईल, तें पाहा. सांडव्यावरचें २ सेंटिमीटर पाणी म्हणजे १४.४ लिटर. कोपऱ्यांतील कप्प्यांतलें सुमारें ६ लिटर. नळांतलें सुमारें २. एकूण २२.४ लिटर, तळहौदाची पातळी यानें सव्वासहा सेंटिमीटर चढते आणि काम भागतें. परंतु पाणी परत नेणाऱ्या नळीचें तोंड जर मीं सांडव्याच्या खालीं ५ सेंटिमीटर ठेविलें असतें, तर वक्रनलिकेनें आणखी ३६ लिटर ओढले असते. बेरीज ५८.४ लिटर, आणि जागा ५४ लिटरांची! पाणी पुन्हां ओटीवर. म्हणून नळीचें तोंड पृष्ठभागालगतच असावें, आणि शिवाय पातळीच्या किंचित् खालीं नळीस एक लहान भोंक पाडावें. पातळी उतरतांच त्यांतून हवा शिरते आणि वक्रनलिका तुटते. हें भोंक शेवाळानें व चुन्यानें बुजतें, यासाठीं महिन्यांतून एकदां काडीनें साफ करावें. बाजारांत एकमार्गी झडप मिळते; ती बसविली म्हणजे निश्चिंत झालों असें कित्येक मानतात. तिच्या पडद्यांत वाळूचा एक कण अडकला तरी ती अर्धवट उघडी राहते. मी तिच्यावर विसंबत नाहीं.

उलट बाजूचा अपघातहि हिशेबांत धरावा लागतो. उतरणारा नळ एखाद्या पानानें किंवा गोगलगाईनें तुंबला आणि पंप चालूंच राहिला, तर तळहौदाच्या शेवटच्या कप्प्यांतलें सर्व पाणी वर जाईल. तो कप्पा २५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद, पाणी २० सेंटिमीटर: बरोबर २० लिटर. वरच्या हौदांत कांठापर्यंत मोकळे ५ सेंटिमीटर, म्हणजे ३६ लिटर. वीस लिटर तेथें सुखानें मावतात. हा कप्पा 'मोठा असलेला बरा' म्हणून दुप्पट करण्याची सूचना मला एका मित्रानें केली होती. ती ऐकली असती तर ४० लिटर वर चढून चार लिटर खालीं सांडले असते.

तरीहि नळ तुंबूंच नये म्हणून उतरते नळ एकाऐवजीं तीन ठेविले आहेत. पहिला पूर्ण पाण्यानें भरून वाहतो. त्यावर झडप आहे, आणि ती अशी लावावयाची कीं बहुतेक सर्व पाणी त्यानेंच जावें. पूर्ण भरलेला असल्यानें तो आवाज करीत नाहीं. दुसऱ्याचें तोंड त्याहून वर. राहिलेलें थोडेंसें पाणी त्याच्या कडेनें ओघळतें. तिसऱ्याचें तोंड सर्वांत उंच आणि नेहमीं कोरडें. पहिले दोन अडले तरच तो वाहावयाचा, आणि तो वाहूं लागला कीं त्याचा खळखळाट घरभर ऐकूं येतो. तो आवाज हीच इशाऱ्याची घंटा.

तळहौदांतील कप्प्यांचा क्रम असा आहे. पाणी प्रथम पांढऱ्या कापडी पिशवींत पडतें. अन्नाचे कण व विष्ठा तींत अडकते. पिशवी तीन-चार दिवसांनीं धुवावी, नाहीं तर तींतच घाण कुजून मूळ हेतु फसतो. नंतर फेंस काढणारें यंत्र. पावसाळ्यांत अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर लाटांचा पिंवळसर फेंस साठलेला आपण पाहतों. समुद्रांतील सेंद्रिय द्रव्यें हवेच्या बुडबुड्यांस चिकटून तो बनतो. यंत्र हेंच काम एका उभ्या नळकांड्यांत करतें. बारीक बुडबुडे सोडून फेंस वरच्या वाटींत चढवितें आणि अमोनिया होण्यापूर्वींच घाण बाहेर काढतें. वाटींतील तपकिरी पाण्याचा वास एकदां घेतला म्हणजे यंत्राच्या उपयोगाविषयीं शंका उरत नाहीं. हें यंत्र पाण्याच्या एकाच पातळीवर नीट चालतें. म्हणून त्याच्या कप्प्याची पातळी पुढच्या कांचेच्या पडद्यानें बांधून टाकिली आहे.

त्यापुढील कप्प्यांत केसांच्या गुंतवळीसारखें हिरवें समुद्रशेवाळ वाढतें. माशांच्या घाणींतील अमोनियाचें जंतु प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. पहिलीं दोन विषारी. तिसरें त्यामानानें सौम्य, पण सांचत जाणारें. शेवाळ तें खाऊन वाढतें, आणि आपण मूठभर शेवाळ काढून फेंकलें कीं तेवढें नायट्रेट हौदाबाहेर गेलें. या कप्प्याचा दिवा मीं रात्रीं लावतों. वरचा हौद अंधारांत असतां खालचें शेवाळ प्राणवायु देत राहतें, हा त्यांतील लाभ. शेवटीं कांचेचे तीन पडदे, बोटा-दोन बोटांच्या अंतरानें. पाणी पहिल्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, तिसऱ्याच्या वरून जातें आणि बुडबुडे मागें राहतात. मग पंपाचा कप्पा.

पंपाच्या खोक्यावर ताशीं ३,००० लिटर असें छापलेलें असतें, तें शून्य उंचीचें. सव्वा मीटर उंच चढतांना आणि वळणें घेतांना तो आंकडा पुष्कळ खालीं येतो. मला दर ताशीं हौदाच्या चार-पांच पट, म्हणजे १,५०० ते १,८०० लिटर पाणी हवें होतें. एका बादलीला भरावयास किती सेकंद लागतात हें मोजून मीं तें ताडून पाहिलें.

वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याचा परिणाम केवळ याच शेवटच्या कप्प्यांत दिसतो, कारण बाकी सर्व पातळ्या सांडव्यांनीं बांधलेल्या आहेत. वाफेबरोबर मीठ जात नाहीं. म्हणून भर घालावयाची ती गोड्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. चूक बहुतेक नवशिके येथें करतात. एप्रिल-मे महिन्यांत पालीचा उकाडा वाचकांस सांगावयास नको. तळहौदावर एक पंखा फिरता ठेविला कीं माठांतील पाणी थंड होतें त्याच न्यायानें हौद थंड राहतो. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. माझें एकंदर पाणी, दगडांची जागा वजा जातां, सुमारें ४२० लिटर. बाहेरून उष्णता येत नसती तर एका लिटराच्या वाफेनें तें सुमारें १.४ अंशानें उतरलें असतें. पावसाळ्यांत हवाच ओली. तेव्हां पंखा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, पण तेव्हां त्याची गरजहि कमी असते.

समुद्र जवळ असतां मीठ विकत कां घ्यावें, असें मला नेहमीं विचारतात. पालीशेजारून वाहणारी अंबा नदी धरमतरच्या खाडीस मिळते. खाडीचें पाणी पावसाळ्यांत गढूळ व अर्धें गोडें असतें. हौदाला वर्षभर सारखें पाणी हवें. मग पेण-उरणच्या मिठागरांचें मीठ कां नको? तर मिठागरांत पाणी आटतांना चुन्याचीं लवणें आधीं खालीं बसतात, मग मीठ जमतें, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यांत राहतें. आगरी बांधव जें मीठ उचलतो तें समुद्राचा एकच भाग होय. स्वयंपाकाला उत्तम, कोळंबीच्या कवचाला अपुरा. हौदासाठीं सर्व लवणांचें तयार मिश्रण मिळतें, तें लिटरमागें सुमारें ३६ ग्रॅम लागतें. पहिल्या भरणीस माझे पंधरा किलो गेले.

एक फजिती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पाणी, कांच, दगड व वाळू मिळून वरच्या हौदाचेंच वजन पांचशें किलोंच्या पुढें जातें. तेव्हां सुताराकडून सागाचा भक्कम चौकट करून घेतला. त्यानें जबाबदारीनें पुढच्या बाजूस मधोमध एक जाड खांब दिला. हौद वर चढला, आठ माणसें घाम पुसून चहाला बसलीं, आणि तेव्हां ध्यानांत आलें कीं ९० सेंटिमीटरांचा तळहौद आतां आंत जाणार कोठून? हौद पुन्हां उतरवावा लागला. तळहौद आंत जाईल, बाहेर येईल, आणि फेंसाचें यंत्र वर उचलून काढतां येईल एवढी उंची राहील, हें सुतारास कागदावर काढून द्यावें.

सर्व जोडून झाल्यावर मीं मीठ घातलें नाहीं. साधें पाणी भरून पंप चालूं केला आणि मुलांना बोलाविलें. मासे कां मेले हें विचारणारीच मुलगी बटणापाशीं उभी राहिली. तिनें वीज बंद केली; पाणी सळसळत खालीं आलें, चढत गेलें, आणि कांठाखालीं नऊ सेंटिमीटरांवर येऊन थांबलें. तेथें तिनें तांबड्या रंगाची रेघ ओढली. दहा वेळां वीज बंद केली, दहाहि वेळां पाणी त्या रेघेशीं थांबलें. दुसऱ्या दिवशीं उतरते नळ एकेक करून बुजवून पाहिले. तिसरा नळ गरजला, पण थेंब सांडला नाहीं. चालू स्थितींतील पातळीची निळी रेघ तिच्याखालीं ओढली. पाणी भरतांना तिच्यावर जावयाचें नाहीं असा नियम ठरला.

मग मीठ, मग दगड. जुन्या हौदांतले दगड ओलेच ठेवून नव्यांत आणले, कारण उपयोगी जंतु त्यांत होते. जुनी वाळू मात्र टाकून दिली. ढवळली म्हणजे तिच्यांतून वर्षभराची कुजकट घाण पाण्यांत उतरते. पांच आठवडे अमोनिया व नायट्राइट तपासले, आणि दोन्ही शून्यावर राहूं लागल्यावर वांचलेले दोन मासे आणि कोळंब्या सोडल्या. वीज गेली कीं आपोआप सुरू होणारा, घटमालेवर चालणारा हवेचा पंप वरच्या हौदास जोडला आहे. तळहौद पाणी सांभाळतो, पण माशांचा श्वास सांभाळणें त्याचें काम नव्हे.

गेल्या पावसाळ्यांत वीज एका रात्रीं सात तास गेली होती. मी कंदील घेऊन खालीं पाहिलें. पाणी तांबड्या रेघेशीं उभें होतें, वर हवेचे बुडबुडे चालले होते, आणि दोन्ही मासे दगडाच्या कपारींत होते. सकाळीं निळ्या रेघेपर्यंत दीड लिटर गोडें पाणी घातलें.